सबीआ आणि सुपे

स्पॅनिशमध्ये 'साबेर' म्हणजे माहीत असणे. (चव लागणे यालाही हेच क्रियापद, पण ते असो.) त्याचे साधे भूतकाळ दोन. 'सबीआ' म्हणजे मला माहीत होतं. 'सुपे' म्हणजे मला कळलं, त्या क्षणी. (धान्य पाखडायच्या सुपाशी संबंध नाही!) मराठीत आपण सरळ दोन वेगळे शब्द वापरतो, तिथे एकाच धातूवर भागतं.

बाबांच्या आजाराचा रिपोर्ट आला त्या दुपारी आम्हा भावंडांचं झालं 'सुपिमोस', आम्हाला कळलं. आईने रिपोर्ट वाचला, घडी घालून ठेवला आणि चहा टाकायला उठली. तिचं 'सबीआ' होतं. कधीपासून, ते तिला अजून विचारलेलं नाही.