होडी, ब्लोअर आणि घाई



आमच्या तासगाव भागात फळछाटणीनंतर पाऊस लागला की ब्लोअर रात्रीसुद्धा थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात माझी बाग दोडा अवस्थेत होती. आभाळ भरून आलेलं. पोरगं ट्रॅक्टरवर आणि मी बांधावरून ओरडतोय, "पळव, पाऊस यायच्या आत उरक!" त्यानं पळवला. आठव्या दिवशी पानांच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसली, दोडे तपकिरी होऊन गळायला लागले. अर्धा एकर डावणीनं नेला. मी आधी औषधाला शिव्या दिल्या, मग पोराला. चार दिवस आम्ही दोघं बोललो नाही.

तेव्हा मामांची आठवण झाली. मामा कराडकडचे. खोडशीच्या बंधाऱ्याच्या वर पाणी संथ असतं, तिथं होडीमागं गळ ओढत ते शिवडा धरायचे. वल्हं माझ्याकडं. जोर केला की आमिष वर यायचं, हात सैल सोडला की तळाला जाऊन काट्याकुट्यात अडकायचं. धारेविरुद्ध जाताना काठ हळू सरकतो, म्हणून मी जास्तच जोर लावायचो. मामा डाफरायचे, "काठ बघू नगंस, दोरी बघ. मासा काठावर न्हाय, पाण्यात हाय." दोरी किती तिरकी झाली त्यावरनं ते वेग ओळखायचे.

मी बागेत आभाळ बघत बसलो होतो.

मग शांतपणे हिशेब मांडला. माझ्या ओळी ९ फुटी, म्हणजे एकरात साधारण १४७५ मीटर चाल. नोझलमधून मिनिटाला १५ लिटर पडतं, हे बादली लावून मोजलं. ताशी ४ किलोमीटरनं गेलं तर एकराला ३३० लिटर पडतं. ताशी ६ नं गेलं तर २२० च. औषध टाकीत बरोबर मिसळलेलं, पण एकराला पडलं दोन तृतीयांश! शिवाय पंख्याच्या हवेला वेलीतली जुनी हवा ढकलून आत शिरायला वेळच मिळत नाही. पानाची पाठ कोरडी राहते आणि डावणी तिथंच उठते.

वेग मोजायला मीटर नको. ५० मीटरवर दोन खुंट्या ठोका. टाकी भरलेली, ब्लोअर चालू. ४५ सेकंद लागले तर ताशी ४, तीस लागले तर ६.

एक चूक मीही केली. हळू जायचं म्हणून थ्रॉटल कमी केला. त्यानं पीटीओ ५४० वरनं खाली येतो, हवा आणि दाब दोन्ही पडतात. थ्रॉटल तसाच ठेवून खालचा गिअर टाकायचा. नंतर पाण्यानं निळा होणारा पिवळा कागद पानाच्या पाठीला टाचून बघितला. पहिल्यांदा चार ठिपके, गिअर बदलल्यावर भरपूर.

खालच्या ओळींत चिखल असला की चाक घसरतं. तिथं ५५ सेकंद लागले आणि पानावरनं पाणी गळत होतं, तेही वायाच. त्या ओळींचा गिअर आता पोरगं स्वतः ठरवतं. मी खुंटीपाशी उभा राहून मोबाईलवर सेकंद मोजतो.