एका गावाची अनेक स्पेलिंगं

बडोद्याचा जुन्यात जुना उल्लेख सापडतो तो एका दानपत्रात. इसवी सन 812 मध्ये लाट प्रांतातल्या राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाने वलभीहून आलेल्या भानू नावाच्या ब्राह्मणाला वडपद्रक हे गाव दिलं. त्या ताम्रपटात गावाची ओळख काय, तर अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक. म्हणजे मान अंकोट्टकाचा आणि आम्ही त्याच्या पदरचे. हे अंकोट्टक म्हणजे विश्वामित्रीच्या पलीकडचं आजचं अकोटा. आता ते बडोद्याची एक वस्ती आहे आणि तिथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. कागदावर कोण थोरला, हे काळ असं बिनबोभाट फिरवून टाकतो.

वडाच्या पोटातलं गाव म्हणून वटोदर, ही व्युत्पत्ती इथे कुणीही हौसेने सांगतो. ऐकायला गोड आहे, पण ताम्रपटात ‘उदर’ नाही, ‘पद्र’ आहे. पद्र म्हणजे वस्ती, खेडं. गुजरातीत गावाच्या वेशीबाहेरच्या जागेला अजूनही ‘पादर’ म्हणतात. वडाजवळची वस्ती एवढा साधा अर्थ. मला तोच बरा वाटतो. सतराव्या शतकात कवी प्रेमानंदाने मात्र आपल्या गावाला ‘वीरक्षेत्र वडोदरा’ म्हणून मिरवलं. कवीला तेवढी सूट असायचीच.

त्याच शतकात इंग्रज प्रवासी आणि व्यापारी आपल्या कागदांत ‘ब्रोडेरा’ लिहीत होते. त्याचं पुढे ‘बरोडा’ झालं आणि 1855 साली स्थापन झालेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने ते नाव वेळापत्रकांतून आणि तिकिटांवरून मुंबईपर्यंत पक्कं केलं. दरम्यान 1734 मध्ये दमाजी गायकवाडांनी शहर घेतलं होतं आणि मराठी दफ्तरांतून, मोडीच्या वळणात, ‘बडोदे’ उमटू लागलं होतं.

1974 मध्ये सरकारने इंग्रजीतलंही अधिकृत नाव वडोदरा केलं. योग्यच केलं, गुजरातीत ते नाव कधी बदललंच नव्हतं. पण हुकूम सगळीकडे पोचत नाही. 1908 ची बँक आणि 1949 चं विद्यापीठ, दोघांनी इंग्रजी नावात बरोडा ठेवलं आहे. स्टेशनवर पाटी वडोदऱ्याची, तर रेल्वेचा कोड बीआरसी. विमानतळाचा बीडीक्यू, तो कुठून आला ते मी शोधायला गेलो नाही.

आणि आम्ही? दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत एकाच माणसाच्या तोंडी तिन्ही नावं असतात. रिक्षावाल्याशी वडोदरा, नोकरीच्या अर्जात बरोडा, मावशीशी फोनवर ‘बडोद्याला कधी येतेस?’ हल्ली मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं ‘वडोदऱ्यात’ असं छापतात, तेव्हा मला जरा खटकतं. जणू बडोदे ही इंग्रजांची मोडतोड होती आणि ती दुरुस्त करायची राहिली होती! बरोडा आणि बडोदे यांना एका पंक्तीला बसवणं हा अडाणीपणा आहे. 1905 साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी हे नाव आयुष्यभर मैफिलीत मिरवलं. 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार साहित्य संमेलनं या गावी झाली. या सगळ्यांच्या नोंदीतलं गाव खोडायचं का?

गुजरातीत वडोदरा लिहा, सरकारी अर्जात तर लिहावंच लागतं. मराठीत लिहिताना मात्र, संपादक महाराज, बडोदेच राहू द्या. आणि ज्यांच्या माळ्यावर मोडीतल्या वह्या आणि ‘मुक्काम बडोदे’ लिहिलेली जुनी पाकिटं पडली आहेत, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी एखाद्या ग्रंथालयाला विचारावं.