बंदर आणि तिठा

नोकरी संपत आली की कोकणी माणसाच्या घरी रोज रात्री जेवताना एकच विषय निघतो, आता राहायचं कुठे? आमच्याकडे त्याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सिंधुदुर्गातच आहेत. विजयदुर्गला वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याचं, पुढे खळं, मागे परडं, आणि माडांच्या फटीतून दिसणारी वाघोटणची खाडी. कणकवलीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जागा बघून ठेवली आहे. तिच्या गॅलरीतून महामार्गाचा उड्डाणपूल दिसतो. मी बंदराच्या बाजूचा, बायको तिठ्याच्या. भांडण म्हणावं इतकं ते मोठं नाही, आणि मिटलं म्हणावं असंही नाही.

बंदराची बाजू मांडायला मला फारसे शब्द लागत नाहीत. तिथला दिवस घड्याळापेक्षा तिथीवर चालतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा खाडी फारशी चढत नाही आणि फारशी उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. 1 जूनपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला घरात आलेली असतात. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात पडला की पुन्हा इंजिनं बोलू लागतात. वादळाचा इशारा आला की परमुलखातले ट्रॉलरसुद्धा देवगड-विजयदुर्गाच्या आडोशाला येऊन उभे राहतात. खाडीच्या तोंडाशी तिहेरी तटबंदीचा किल्ला आहे. आंग्र्यांचं आरमार इथून निघायचं, म्हणून इंग्रजांच्या कागदांत ‘घेरिया’ या नावाचा धाक होता. तुळाजी आंग्र्यांकडून हे ठाणं घ्यायला 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र यावे लागले. खाडीत थोडं आत गेलं की कातळ कोरून केलेली जुनी गोदी आहे. आज तिथे जहाज नाही, डागडुजी नाही. पाणी येतं आणि जातं.

बायकोची बाजू जास्त तपशीलवार आहे. कणकवलीत रेल्वे स्टेशन आहे, महामार्ग आहे, फोंडाघाटातून कोल्हापूरकडची ताजी भाजी सकाळीच उतरते. डॉक्टर आहेत, औषधांची दुकानं आहेत, चष्म्याची काडी तुटली तर तासाभरात लावून मिळते. आठवडा बाजारात आजूबाजूच्या गावांची कोकमं, तिरफळं, सुकं म्हावरं सगळं एका जागी येतं, म्हणजे गाव सोडलं तरी गावची चव सुटत नाही. आणि हे नुसतं बाजाराचं गाव नाही, हेही ती ऐकवते. भालचंद्र महाराजांच्या समाधीमुळे माणसं इथे येतात. कोकणगांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन इथलेच होऊन राहिले. 1948 मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्यापासून सोनखत करण्याचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. दर्याकडे पाठ करूनही माणूस काहीतरी मोठं करू शकतो, असा त्यातला टोमणा मला कळतो.

“कणकवली कशी मध्यवर्ती पडते,” हे तिचं शेवटचं वाक्य. त्यावर मी मात्र अडतो. मध्यवर्ती खरी, पण कधीपासून?

आमच्या वाघोटणच्या खाडीच्या वरच्या अंगाला खारेपाटण आहे. आज ते महामार्गावरचं गाव. पण शिलाहार रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे 1008 सालचा ताम्रपट तिथे सापडला आणि त्या काळी गलबतांची ये-जा त्या गावापर्यंत होती. पुढे खाडीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं आत येईनात आणि महत्त्व हळूहळू मुखाशी, विजयदुर्गाकडे सरकलं. मग आगबोटींचा काळ आला. मुंबईहून निघालेली बोट बंदरं घेत घेत खाली यायची. घाटाच्या पायथ्याचा माणूसही मुंबईला जायला आधी पश्चिमेला बंदरावर यायचा, बैलगाडीने किंवा पायी. तेव्हा आमचं गाव मध्यभागी होतं आणि कणकवली आडवाटेला. पावसाळ्यात बोट बंद झाली की मात्र बंदराला चार महिने कुणी विचारत नसे.

रस्ता आला तो खाड्यांची रुंद तोंडं टाळून आला. आत गेलं की नदी अरुंद होते, पूल छोटा पुरतो. म्हणून महामार्ग आतून गेला. रेल्वेनेही तेच केलं. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर खुली झाली, तोवर आगबोट आठवणीत जमा झाली होती. ज्या खाड्यांनी बंदरं घडवली त्याच खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले. आमच्या अंगणातून पलीकडचा काठ स्वच्छ दिसतो. तो राजापूर तालुक्यातला, म्हणजे दुसऱ्याच जिल्ह्यातला. गाडीने तिथे जायचं तर खाडीला लांबलचक वळसा. आता किनाऱ्याने सागरी महामार्ग येणार म्हणून खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत. उद्या कदाचित कणकवलीच आडवाटेला पडेल आणि तिथला एखादा निवृत्त माणूस बायकोला सांगेल, विजयदुर्ग कसं मध्यवर्ती पडतं.

हा युक्तिवाद मला फार आवडला होता. गावी गेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकींना तो ऐकवला. त्यांनी मासा साफ करता करता ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “म्हातारपणाक दर्यो नको रे बाबा, डॉक्टर होयो.”

त्या वाक्यानंतर मी गावातली शांतता वेगळ्या नजरेने बघू लागलो. आमच्या वाडीत इतकं शांत का वाटतं? कारण घरं बंद आहेत. जी मुलं ओरडायची ती मुंबईला, पुण्याला गेली. गणपतीत आणि मे महिन्यात येतात, तेव्हा वाडी पूर्वीसारखी गजबजते. बाकीचं वर्ष कुलपांचं. मला जी शांतता हवीहवीशी वाटते ती कुणी ठरवून राखलेली नाही. बोट गेली, काम गेलं, माणसं गेली, आणि मागे जे उरलं ते हे. पाहुण्याला ते सुख वाटतं. रात्री छातीत दुखू लागलेल्या माणसाला तेच तळेऱ्यापर्यंतचा अंधारा रस्ता वाटतं, आणि पुढे कणकवलीपर्यंतचा महामार्ग. एवढ्याशा गावाला एसटीचं स्वतःचं आगार आहे, याचा आम्हाला अभिमान. पण पहाटेची पहिली गाडी सुटेपर्यंत रात्र काढावीच लागते.

आणि खरं सांगायचं तर बंदरात कायम राहण्याची रीत आमच्या घराण्यात फार नव्हतीच. बंदर होतंच मुळी जाण्यायेण्यासाठी. आजोबा बोटीने गेले ते गिरणीत लागले, वर्षातून एकदा परतले. वडील एसटीने गेले, डोंबिवलीत दोन खोल्यांत संसार केला आणि घराची कौलं परतायला दर उन्हाळ्यात पैसे पाठवत राहिले. मी रेल्वेने गेलो. गाव सांभाळलं ते मागे राहिलेल्या आजीने, काकूने, आणि मनिऑर्डरींनी. तेव्हा मी तिथे जाऊन नुसतं बघत बसलो म्हणजे गावाचं काही भलं होईल, हा माझा समज फार टिकला नाही. कौलं परतणारा हात आणि खळं करायला येणारी माणसं यांना वेळेवर मजुरी मिळणं घराला जास्त गरजेचं आहे.

म्हणून कणकवलीची जागा घ्यायचं ठरलं. बायकोने जिंकल्यासारखा चेहरा केला नाही, उलट लगेच अटी घातल्या, आणि त्या सगळ्या विजयदुर्गाच्या बाजूच्या होत्या. घर भाड्याने द्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. पावसाआधी शाकारणी आपण उभं राहून करून घ्यायची. गणपती तिथेच येईल. त्याच्या पत्त्याबद्दल घरात मत विचारायचं नाही. उधाणाच्या तिथी कॅलेंडरवर बघून महिन्यातून निदान एक फेरी, आणि परतताना काकींना कणकवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन यायचं.

विजयदुर्ग ते कणकवली सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, गाडीने दीड-दोन तास. आमच्या तीन पिढ्यांत घर सोडून कुणी राहिलं असेल तर त्यातलं हे सर्वांत जवळचं अंतर आहे. आजोबांना बंदरावरून निघालं की परतीला वर्ष लागायचं. मला सकाळी फोन आला तर दुपारच्या जेवणाला मी तिथे पोहोचेन, आणि तेही खाडीला वळसा न घालता.