मृगाचा मळका पाय

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून वर आले, की सोलापूरकडे जाणारा मोठा रस्ता सोडायचा आणि पाटोद्याच्या वाटेला लागायचे. बालाघाटाच्या या उघड्या माळावर लिंबागणेश आहे. इथल्या गणपतीचे नाव भालचंद्र, म्हणजे कपाळी चंद्र मिरवणारा. आम्ही मात्र तिथे गेलो ते चंद्र नसलेली रात्र गाठायला!

ती रात्र 21 फेब्रुवारी 2020 ची, महाशिवरात्रीची. "लोक आज शंकराला जातात, आणि तुम्ही निघालात गणपतीच्या गावाला, तेही आभाळ बघायला," असे म्हणत आमच्या कुटुंबाने उपासाचा डबा हातात दिला होता. गावात आमचे एक स्नेही शाळामास्तर आहेत. "पुण्याच्या दिव्यांत काय दिसणार? इकडे या," असा त्यांचा आग्रह.

कारणही तसेच होते. मृग नक्षत्रातील काक्षी हा ठळक तांबूस तारा त्या हिवाळ्यात भलताच मंदावला होता. अमेरिकेतील ग्विनन आणि वासाटोनिक या दोघा निरीक्षकांनी डिसेंबर 2019 मध्ये तसे जाहीर केले, आणि तारा आता फुटणार अशी आवई जगभर उठली. मास्तरांच्या फोनवर तर 'दिवसा दुसरा सूर्य दिसणार' इथपर्यंत मजल गेली होती.

संध्याकाळी गावातून फिरलो. बऱ्याच दारांना कुलपे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि असे कोयते मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले. मागे राहिली होती म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. अंधार पडल्यावर मास्तर आम्हांला एका ज्वारीच्या शेतावर घेऊन गेले. तिथे रानडुकरांच्या राखणीला तात्या बसले होते. नातू त्यांच्या घोंगडीत शिरून गोष्ट ऐकत होता. पारधी पाणवठ्याशी बेलाच्या झाडावर दबा धरून बसतो, हरिणी येते, 'पाडसांना भेटून परत येते' असे वचन देते आणि खरेच परत येते, ती शिवरात्रीची गोष्ट.

"आनि मग महादेवानं दोघांलाबी वर नेलं. त्यो बघ मिरग, आनि त्यो त्याच्या मागं यांध."

आठाच्या सुमाराला मृग जवळजवळ डोक्यावर आला होता. आम्ही घोंगडीवर उताणे पडलो. मधोमध बाणाचे तीन तारे आणि भोवती चार पाय. दक्षिणेकडे तोंड केले, तर खालचा उजवा पाय निळसर पांढरा, झगझगीत. वरचा डावा म्हणजे काक्षी. एरवी तो रोहिणीपेक्षाही तेजस्वी असतो. त्या रात्री रोहिणी त्याच्यापुढे सरळसरळ उजवी ठरली आणि शेजारच्या उजव्या पायाशी त्याची जेमतेम बरोबरी झाली. नेहमीच्या तेजाचा तिसरा हिस्सा म्हणा ना! दुर्बीण पिशवीतच राहिली.

आम्ही हे विजयाने सांगायला तोंड उघडले, तोच तात्या म्हणाले, "ती तांबडी चांदणी ना? दिवाळी झाल्यापून मळकी दिसायली ती. म्या मास्तरला मनलं बी, तर मास्तर मनले तुमचे डोळे तपासा."

मास्तर अंधारात खोकले.

खरे तर काक्षी हा मुळातच रूपविकारी तारा. जॉन हर्शेलच्या ध्यानात हे 1836 मध्ये आले. तो फुगतो, आक्रसतो. सुमारे चारशे दिवसांची एक लय, सहा वर्षांची दुसरी, पण दोन्ही चुकार, घड्याळ लावावे अशी एकही नाही. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला पोटात घेईल एवढा त्याचा देह. त्या खेपेला मात्र निराळेच घडले. ताऱ्याने आपल्या पृष्ठभागावरचा एक मोठा वायूचा लोळ बाहेर फेकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि नेमकी आपल्या बाजूला आड आली. हबल दुर्बिणीच्या आणि चिलीतील मोठ्या दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून हे पुढे उलगडले. ही धूळ उडाली तेव्हा आपल्याकडे बहामनी अमदानीच्या आसपासचा काळ असावा, कारण तिथून प्रकाश यायला पाचशे ते सातशे वर्षे लागतात.

'मळकी' हा तात्यांचा शब्द किती नेमका होता!

पण त्यांना धुळीचे कौतुक नव्हते. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "म्हंजी यंदा मिरग कोरडा जायचा का काय?"

पुष्कळ अभ्यासक याच ताऱ्याला आर्द्रा मानतात. आर्द्रा म्हणजे ओली. 2018 च्या दुष्काळात तात्यांची बैले छावणीला बांधलेली होती. मृगाला पेरणी साधली, तर मुलगा-सून पुढच्या साली उचल घेणार नव्हती, नातवाची आई घरी राहणार होती. एवढा हिशेब त्या एका चांदणीवर टांगलेला.

आम्ही सांगितले, "तात्या, मृगाचा पाऊस मृग पाडत नाही. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य त्या नक्षत्रात येतो, म्हणून ते नाव. तेव्हा सूर्याच्या उजेडात ही चांदणी दिसतसुद्धा नाही. तिचा आणि पावसाचा संबंध नाही."

"नाही ना? मग बरं," तात्या म्हणाले, आणि लगेच, "पर दिसत नसंल तर तुमाला तरी काय ठावं?"

याला उत्तर सुचेना. डब्यातली खिचडी चौघांनी वाटून खाल्ली.

महिन्याभराने सगळा देशच घरात कोंडला गेला. काक्षीने एप्रिल-मेपर्यंत आपले तेज परत मिळवले. 2025 मध्ये त्याच्या अगदी निकट एक धाकटा सोबती सापडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले, सहा वर्षांच्या लयीचा उलगडा त्यातून होईल असे म्हणतात.

2020 च्या नोव्हेंबरात मास्तरांचा फोन आला. मृगाचा पाऊस झाला होता, पेरणीही साधली होती. पण पुढे पाऊस थांबेचना, आणि काढणीला आलेले सोयाबीन रानातच कुजले. मुलगा-सून उचल घेऊन गेली.

"आणि तात्या?"

"रात्री नातवाला मृग दाखवतात. चांदणी धुतल्यासारखी झालीय म्हणाले. आणि हो, मी डोळे तपासून घेतले. मलाच चष्मा लागला."