अढी बसली हो!

पन्नाशीला टेकलेल्या बाईनं मल्लखांबावर उलटं लटकावं का? आधी एकदा लटकून बघा, मग बोलू! मी लटकले. हातांनी खांब धरला, कंबर उचलली, पाय डोक्यावरून वर नेले, मांड्यांनी लाकूड आवळलं, आणि सर म्हणाले, "आता हात सोडा, काकू." सोडले! डोकं खाली, वेणी लोंबतेय, आणि मी पडत नाहीये! याला साधी अढी म्हणतात. साधी! नाव ठेवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

जिममधली मुलं 'कोअर, कोअर' म्हणतात ते शरीरात नेमकं कुठं असतं, हे दुसऱ्या दिवशी शिंक आली तेव्हा कळलं.

त्याआधी मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मोबाइलवर बघून ताई-ची करायचे. तेही छानच, आणि तीही मूळची लढायची विद्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतकं सावकाश सरकवायचं, की तोल कधी जातो आणि कधी सावरतो ते आपलं आपल्याला दिसतं. मल्लखांबावर तोच तोल, फक्त पायाखालची जमीन काढून घेतलेली! शिवाय खांबाला एरंडेल चोळलेलं, त्यामुळे जरा सैल पडलात की घसरलात. श्वास मात्र अडवायचा नाही. अडवला की मांड्या थरथरतात आणि खालची गादी जवळ येते.

आणि हे मल्लखांबाचं सगळं आपल्या वणीच्या गडावरून आलंय! दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब नावाच्या दोन मल्लांनी आव्हान दिलं. कुणी पुढं होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारलं आणि सप्तशृंगीच्या गडावर जाऊन उपासना केली. तिथं त्यांना मारुतीनं लाकडी खांबावरचे डाव दाखवले, अशी आख्यायिका. खरं-खोटं तो मारुतीच जाणे. मल्लांच्या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही आहे म्हणतात, म्हणजे दादांनी जुनीच विद्या नव्यानं उभी केली असेल. पण मी जन्माची नाशिककर, नांदुरीहून कितीदा गडावर गेले, ओट्या भरल्या, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती! तिकडे 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी देशी व्यायाम घेऊन बर्लिनला जाऊन आली, 2019 मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धा झाली, तिथं मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांड्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. आणि मी गल्लीतल्या व्यायामशाळेवरून भाजीची पिशवी घेऊन जात होते!

उलटं व्हायचं तर पोट हलकं हवं, म्हणून रात्रीचं जेवण आता लवकर. झोप अशी लागते की काय सांगू! रविवारची मिसळ सरावानंतर. सोडलेली नाही, सोडणारही नाही.

आता डोळा दोरीच्या मल्लखांबावर आहे. पूर्वी तो वेताचा असे, आता सुती दोरीचा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी पकडायची आणि वर जायचं. दोरीला एकही गाठ मारायची नाही, शरीराचेच वेढे! आठ वर्षांच्या पोरी तिच्यावर झोपतात, अक्षरशः झोपतात. माझा अंगठा अजून चिमटा घ्यायला तयार नाही, पण रोज टीव्ही बघताना जमिनीवरचा रुमाल उचलायला लावते त्याला.

जाऊबाईंनाही सांगितलंय. त्या नुसत्या बघायला येणार आहेत म्हणे. मीसुद्धा भाचीला सोडायला, नुसती बघायलाच गेले होते!