जुनी गिटार, जुने कान

इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं मी ठरवलं ते संगीताच्या ओढीने नव्हे, कानाच्या तपासणीचा आलेख पाहून. त्या आलेखात डावीकडे खालचे ध्वनी असतात, उजवीकडे उंच. माझी रेघ 2000 हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट जाते आणि तिथून उताराला लागते. दोन्ही कानांची तीच गत. आ, ओ, ऊ यांचा भार सपाट भागावर असतो, तर स, श, फ यांची सळसळ असते उतारावर. म्हणजे माणसाचा आवाज मला नीट ऐकू येतो, शब्द मात्र कडेने उंदराने कुरतडल्यासारखे.

मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. बंगळूरला येऊन अठरा वर्षं झाली. मूळ वाक्य आधी मोठ्याने वाचायचं, मग आपलं वाचायचं, ही माझी कामाची रीत. मराठीत 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' लिहिताना एकच, पण उच्चारात दोन. पहिल्यातला ज दातांचा, दुसऱ्यातला टाळूचा. कन्नडला हा भेद नाही, तिथे ज टाळूचाच. आणि भेद राहतो नेमका त्या उंच सळसळीत. इथेच वाढलेली माझी पंधरा वर्षांची मुलगी 'जरा थांब' म्हणते, तेव्हा तिचा ज मराठी असतो की कन्नड, हे मला आता कानाने सांगता येत नाही. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं आहे आणि मी ते लावणार आहे. पण त्याआधी मला असं काही हवं होतं, जे माझ्या उरलेल्या कानांना पुरेल.

गिटारच्या सहा मोकळ्या तारा सुमारे 82 हर्ट्झपासून 330 हर्ट्झपर्यंत असतात. बावीस पडद्यांच्या गिटारवर सर्वांत बारीक तारेचा शेवटचा पडदा दाबला, तरी मूळ स्वर 1175 च्या आसपासच. त्यावरचे उपस्वर पुष्कळ वर जातात, पण गिटारच्या अँपचा स्पीकर 5000 हर्ट्झच्या पुढचं फारसं काही बाहेर सोडत नाही. हे वाद्य बहुतांशी माझ्या रेघेच्या सपाट भागात राहतं. शहर सोडून निघालेल्या एका तरुणाकडून नऊ हजारांत गिटार आणि दहा वॉटचा अँप, दोन्ही मिळाले. तारा गंजलेल्या होत्या आणि आवाजाची खुंटी फिरवली की करकर व्हायची.

नवशिक्याने आधी कॉर्ड शिकावेत आणि वाद्य दुकानदाराकडून लावून आणावं, असं बहुतेक जण सांगतात. मला उलटं करायचं होतं. न लागलेल्या वाद्यावर बोटं दुखतात, सूर चुकतो, आणि शिकणारा दोष स्वतःला देतो. कानांबद्दल आधीच शंका असलेल्या माणसाने तर हा धोका पत्करूच नये. चूक वाद्याची की आपली, हे आधी वेगळं काढावं.

पहिलं काम विजेचं. अँपला तीन पिनांचा प्लग आहे का आणि भिंतीतल्या तिसऱ्या छिद्राला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घेतलं. गिटारच्या तारा घोडीतून, केबलमधून त्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात, आणि आपली बोटं तारांवर असतात. जुना अँप व्हॉल्व्हचा असेल तर तो स्वतः उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणा दाब उरू शकतो. माझा ट्रान्झिस्टरचा होता. करकर थांबवायला एस. पी. रोडवरून कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणला, खुंटीत फवारला आणि ती वीसेक वेळा मागेपुढे फिरवली.

मग गुणगुण. एका गुंडाळीचे पिकअप घरातल्या विजेचीही लाट पकडतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पेटीच्या भाषेत खर्जातली पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठेतरी. माझ्या घराचा हा बेसूर खर्ज मला स्वच्छ ऐकू आला आणि त्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. तारांना हात लावला की तो उतरतो.

तारांचा नवा संच आणला, बारीक तार एका इंचाचा शंभरावा भाग जाड. सहाही तारा सुरात आल्या की मानेवर एकूण सुमारे 45 किलोचा ताण येतो. त्या ताणाने लाकूड वाकतं. त्याला उलटा जोर देण्यासाठी मानेच्या आत पोलादी दांडी असते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि सातव्या पडद्यावर फट पाहायची. साधारण पाव मिलिमीटर हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. दांडी एका वेळी पाव फेराच फिरवायची, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. पावसाळ्यात लाकूड हलतं, तेव्हा हे परत करावं लागेल.

त्यानंतर तारांची उंची. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. फार खाली आणल्या तर तार पुढच्या पडद्यांवर घासते आणि किणकिणते. इथे मला मिरजेचे तानपुरे आठवले. तिथले कारागीर घोडीचा माथा घासून घासून जवारी काढतात, तारेखाली सुताचा धागा सरकवतात, कारण तीच झणझण त्यांना हवी असते. तानपुऱ्याचा जो प्राण, तोच गिटारमधला दोष. दोन भाषांमधे बसून काम करणाऱ्याला याचं नवल वाटू नये, तरी वाटलं.

अडचण अशी की किणकिण उंच पट्टीतली. मला ती ऐकू येत नव्हती. मी मुलीला हाक मारली. मी एकेक पडदा दाबून तार छेडत गेले आणि ती अभ्यासाच्या टेबलावरून, मान वर न करता, "आहे", "नाही", "आहे" म्हणत गेली. चौथी तार, तिसरा पडदा: आहे. घोडीवरचा स्क्रू किंचित फिरवला: नाही. अर्धा तास हे चाललं.

तेव्हाच मी तिला विचारलं, "'जरा थांब' म्हण बरं. जिभेचं टोक कुठे लागतं?" तिने दोनदा म्हणून पाहिलं. "दातांच्या मागे," ती म्हणाली. मग म्हातारपणाचा 'जरा' विचारला. तो शब्द तिला माहीतच नव्हता. मी सांगितला. तिने तो म्हटला आणि जीभ टाळूला लागली असं सांगितलं. मी ऐकून नाही, तिच्या सांगण्यावरून मानलं. कान देत नसेल तर मोजपट्टी असते, आणि मोजपट्टी नसेल तर विचारता येतं.

शेवटी घोडी पुढेमागे करून बारावा पडदा मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट स्वराला आणला. दाबलेला स्वर चढा आला तर तारेची लांबी वाढवायची, उतरला तर कमी करायची. यासाठी ट्यूनरची सुई वापरली. रोजचा सूर मात्र मी सुईशिवाय लावते. सहावी तार पाचव्या पडद्यावर दाबायची, पाचवी मोकळी सोडायची, दोन्ही एकदम छेडायच्या. एक 110 हर्ट्झला आणि दुसरी 112 ला असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी पिळत जावं तसे हेलकावे लांबतात, आळसावतात, आणि एका क्षणी थांबतात. अँपचा आवाज बोलण्याइतकाच ठेवला आहे, उरलेले कान जपायचे आहेत. कॉर्ड अजून दोनच येतात. हेलकावा थांबतो तो क्षण मला अजून चुकत नाही.