सातबारा आणि दोन फोटो

शेजारच्या प्लॉटवर परवा रात्री बोअर घेतला. मशीन मध्यरात्र उलटून गेली तरी चालू होतं. सकाळी पाहतो तर तुळशीवर, दोरीवरच्या टॉवेलवर, स्कूटरच्या सीटवर राखाडी भुकटीचा थर. बायकोनं अंगणात पाणी मारलं आणि ओल्या दगडपिठाचा वास थेट घरात आला. पहिल्या पावसाच्या मातीचा वास सगळ्यांना आवडतो, त्यावर लिहूनही फार झालंय. हा वास तसला नाही. यात डिझेल असतं, तापलेलं लोखंड असतं आणि उसनवारीचे पैसे असतात. निदान मला तरी येतो त्यांचा वास.

विष्णुपुरीत राहून बोअर कशाला, असं पाहुणे विचारतात. खरंच आहे. इथं गोदावरी अडवून शंकर सागर केलाय, त्यातलं पाणी पंपांनी उपसून कालव्यांत सोडतात, आशियातली मोठी उपसा सिंचन योजना म्हणून आम्ही ती कौतुकानं दाखवतो. पण नदी दिसणं वेगळं आणि नळाला पाणी येणं वेगळं. आमचं गाव तर कंधार तालुक्यात, कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याचं पाणी चढावर येत नाही, आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जमीन सोडून उतारावर यायचं कधी मनावर घेतलं नाही.

अण्णा आले तो २०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पाच लाख लिटर घेऊन, आणि टीव्हीवाले त्या वाघिणी अशा दाखवत होते जणू गावात वऱ्हाड उतरलंय. अण्णा एसटीनं आले. सोफ्यावर टेकून न बसता कडेला बसले. चहा घेतला, नातवाची शाळा विचारली, नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते विचारलं. मग शर्टाच्या आतून एक कॅरीबॅग काढून टीपॉयवर ठेवली. तीत ताजा काढलेला सातबारा, आठ-अ, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साईझचे दोन फोटो.

"बोअर घ्यायलाव. ऐंशी हजार लागतेत. सोयाबीन झालं की देतो."

"फोटो कशाला आणलेत, अण्णा?"

"लागतेत की."

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, ती आत गेली. मी फोटो हातात घेतला. कंधारच्या कुठल्यातरी स्टुडिओत काढलेला, मागं निळा पडदा, टोपी नीट बसवलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माझ्याकडं यायचं म्हणून माणूस फोटो काढून आला होता. त्या क्षणी मी काय बोललो ते आठवत नाही. ते वरचं बटण मात्र आठवतं. आठवू नये म्हटलं तरी आठवतं.

आम्ही तिघं भावंडं. मी इथं विद्यापीठात नोकरीला, ताई लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, धाकटा पुण्यात हिंजवडीला. ऐंशी हजार तिघांत वाटले तर कोणालाच जड नव्हते. तरी तीन रात्री फोन चालले. धाकट्यानं विचारलं, किती फूट जाणार? पाणाड्यानं सांगितलं की भूजलवाल्यांनी? आधीचे दोन आटले त्यांचं काय झालं? पाणी लागलं तर एकरी किती वाढेल? प्रश्न एकही चुकीचा नव्हता. मला राग येत होता तो प्रश्नांच्या तयारीचा. हा मुलगा इथंच, विष्णुपुरीतल्या गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. त्याच्या प्रवेशाचे पैसे अण्णांनी आडत्याकडून शेकडा तीननं उचलले होते. तेव्हा चार वर्षांनी पाणी लागेल का, असं कोणी विचारलं नव्हतं. हे मी त्याला तोंडावर कधी म्हणालो नाही. इथं लिहितोय, तो वाचणार नाही.

आदल्याच वर्षी मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याला याच्या दुपटीहून जास्त लागले. एका संध्याकाळी तिघांनी जमवले. कोणता गुडघा बसवणार, किती वर्षं टिकणार, कोणी विचारलं नाही. उलट ज्यानं त्यानं 'अजून लागले तर सांग' म्हटलं. आईबाप आजारी पडले की आमचे खिसे आपोआप उघडतात. त्यांना काही करून बघायचं असलं की आम्ही बँकेचे साहेब होतो.

कायद्याचंही तसंच दिसतं. आमच्या संध्याकाळच्या बैठकीत एक वकील मित्र असतो, त्याला मी हे सांगितलं, नाव न घेता, 'एकाचं असं झालं' म्हणून. त्यानं ओळखलं. म्हणाला, जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्यच होतं आणि कोर्टं ते मानत. धनको बापाच्या कर्जापायी मुलाच्या वाट्यावर यायचा. ९ सप्टेंबर २००५ ला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि तेव्हापासूनच्या कर्जासाठी निव्वळ या धर्मकर्तव्याच्या नावावर मुला-नातवांना धरता येत नाही. "म्हणजे तू मोकळा," तो म्हणाला. मग हसून पुढं, "तेव्हासुद्धा दारूचं आणि जुगाराचं कर्ज मुलानं फेडायचं नाही, अशी सूट होती."

हे मी धाकट्याला सांगितलं नाही. बोअर जुगारात बसतो, असं त्यानं लगेच म्हटलं असतं, आणि मराठवाड्यात त्याला खोडून काढणं अवघड आहे.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला. मुलं सांभाळत नसली तर न्यायाधिकरणाकडं जाता येतं. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. लातूर जिल्हा परिषदेनं तर २०२० च्या शेवटी ठराव केला की आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यात टाकायचे. पुढच्या फेब्रुवारीत बातमी आली, बारा कर्मचाऱ्यांबद्दल तक्रारी, त्यांतले सहा शिक्षक. ताई सांगत होती, त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये जो तो आपल्या आईवडिलांच्या तब्येतीचं मोठ्यानं बोलायला लागला. ठराव चांगलाच होता, माझं काही म्हणणं नाही. पण अण्णांना कोणत्या न्यायाधिकरणानं काय दिलं असतं? त्यांना भाकरी नको होती, गोळ्या नको होत्या. त्यांना साडेचारशे फूट खोल जायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अशा मागणीला कोणत्याच अर्जात रकाना नाही.

बाप-लेक आणि कर्ज म्हटलं की मला देहूचे तुकोबा आठवतात, आठवण इथं नीट बसत नाही तरीही. दुष्काळानंतर त्यांनी बापाच्या सावकारीची कागदपत्रं भाऊ कान्होबाबरोबर अर्धी अर्धी वाटली आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, असं सांगतात. सगळे त्यातलं वैराग्य पाहतात. मला कान्होबा दिसतो. त्यानं आपली अर्धी ठेवली. त्याच्या घरी हिशोब चालू राहिला असणार, कोणाकडं किती, कधी देणार, आणि त्याच्यावर कोणी कीर्तन केलं नाही. घरोघरी असा एक कान्होबा लागतोच. आमच्याकडचा हिंजवडीला आहे.

शेवटी ताईनं सोडवलं. "द्या आणि विसरा," म्हणाली. ते अण्णांच्या कानावर गेलं तर त्यांनी फोनच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला तेव्हा म्हणाले, "भीक घालायलेत का मला? विसरायचे असले तर नको." मग मी एकट्यानं दिले आणि लिहूनही घेतलं. अण्णांच्या वहीत, त्यांच्या अक्षरात, माझ्या नावापुढं, खताच्या दुकानाच्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या मधल्या ओळीवर.

गाडी आली ती तमिळनाडूची, तिरुचेंगोडची. बोअरच्या गाड्या तिकडूनच सगळ्या देशात फिरतात. पोरं सोळा-सतरा वर्षांची वाटत होती, चार शब्द हिंदी, बाकी खुणा. पाणाड्यानं नारळ तळहातावर आडवा धरून दोन दिवस आधीच जागा दाखवली होती. अंधार पडल्यावर सुरू झालं. एकेक रॉड वीस फुटांचा. अण्णांनी बांधावर बैठक मारली आणि रॉड खाली गेला की एक खडा रांगेत ठेवायचे. ऑपरेटरचा आकडा वेगळा निघाला तर भांडायला पुरावा हवा. दहा खडे झाले तरी नुसता पांढरा धूर. (२००९ चा भूजल कायदा ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जाणाऱ्या विहिरींवर बंधन घालतो. दहाव्या खड्याशी हे मला आठवलं. त्या शिवारात ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.) मग तांबडं यायला लागलं. दोन लाव्हांच्या थरांमध्ये भाजून निघालेली ती लाल माती. पोरानं मूठभर भुकटी तळहातावर घेऊन टॉर्च मारला आणि मान हलवली. चांगलं की वाईट, कळेना. अण्णांच्या भुवया, मिशा, टोपी सगळं पिठानं पांढरं झालं होतं. चारशेच्या पुढं गेल्यावर ऑपरेटरनं मशीन थांबवून विचारलं, "और सौ?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी शेजारीच उभा होतो. ऐंशी हजार तिथं संपत होते, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी खड्यांच्या रांगेकडं पाहिलं, बंडीच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "डालो."

पन्नासएक फूट खाली गेल्यावर धूर थांबला आणि चिखल उडाला. फार नाही, दीड इंच. अण्णांनी ओंजळ भरून आधी मला दिली. गरम होतं, वासही मघाचाच.

वरच्या फुटांचे पैसे त्यांनी तिथल्या तिथं बंडीतून मोजून दिले. पाचशेच्या नोटा, घडी घातलेल्या, रबर लावलेल्या. कुठून आणले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

बोअर दोन उन्हाळे चालला, तिसऱ्याला धापा टाकायला लागला. अण्णांची फेड मात्र थांबली नाही. पहिल्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव २,७७५ होता आणि आडतीत माल नेला त्या आठवड्यात, ८ नोव्हेंबरला, नोटा बंद झाल्या. आडत्यानं चेक दिला. तो वटायची वाट पाहून अण्णा पहिला हप्ता घेऊन आले आणि सोबत आडतीची पट्टी, हमाली-तोलाई वजा जाता उरलेल्या रकमेखाली रेघ मारलेली. पैसे बायकोच्या हातात देत. माझ्या हातात कधी नाही. मधल्या एका वर्षी पीक कर्जाचं नवं-जुनं करताना हाती आलेल्या पैशातूनही हप्ता आला. म्हणजे बँकेनं पेरणीला दिलेला पैसा विष्णुपुरीत माझ्या कपाटात. शेवटचा हप्ता २०२१ च्या फेब्रुवारीत. त्यासाठी ठेवलेलं सोयाबीन पाच हजारांच्या आत विकलं. ऑगस्टमध्ये लातुरात भाव दहा हजारांच्या वर गेला तेव्हा घरात एक पोतं नव्हतं. धाकट्यानं फोनवर मला फरक काढून दाखवला. त्याचं गणित बरोबर होतं, ते नेहमीच असतं.

बंडीतल्या नोटांचं गूढ मात्र गेल्या दिवाळीत उलगडलं. माय शेंगा फोडत बसली होती. विषय बोअरचा निघाला आणि ती सहज म्हणाली, "वरचे मी दिले ना. गटातून उचलून." माय बचत गटात आहे हे माहीत होतं, महिन्याला बायका जमतात, पापड-बिपड करतात, एवढंच. ती गटातून शेकडा दोननं कर्ज उचलायची आणि अण्णांना त्याच दरानं द्यायची, हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. बी-बियाणं, पंपाची मोटार, एका बैलाचे निम्मे पैसे. वहीत तिचं नाव कुठं नाही, मी नंतर पाहिली.

"फेडलं का त्यांनी?"

"सगळ्यात आधी माझं फेडतेत. मी कशाला पाहिजे म्हणून विचारत नाही."

वर्षाला २४ टक्के होतात हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. माझ्या घराच्या कर्जाचा दर तिनं विचारला. साडेआठ म्हटल्यावर हातातली शेंग तशीच ठेवून तिनं काही वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग मला दे की लाखभर. तुझ्या दरानं."

गावात पिठाची गिरणी टाकायची आहे. आहे ती गिरणी एका टोकाला, आणि चालवणारा तोंडाळ. जागा घरातलीच, पडवीची. तिनं हे आमच्या फॅमिली ग्रुपवर व्हॉईस मेसेजनं टाकलं, मागं कोंबड्यांचा आवाज. ताईनं अंगठा दाखवला. धाकट्याचा मेसेज दोन मिनिटांत आला, गिरणी सिंगल फेज की थ्री फेज, लोडशेडिंगचं काय, गावात दिवसाला किती दळण निघतं. अण्णांनी, बहुतेक पहिल्यांदाच, नातवाकडून टाईप करून घेतलं, "सातबारा काढू का."

मायचा दुसरा व्हॉईस मेसेज धाकट्याला होता. "फेज मी बघते. तू पैसे बघ."